उन्हात ठेवायच्या बाटल्या

तातेराव पाईकरावांना माणसांचा राग क्वचितच यायचा. घाम न फुटलेल्या आइसपॅकचा मात्र हमखास यायचा. डीप फ्रीजरमधून काढलेला बर्फाचा पॅक तसाच लसीच्या पेटीत घातला, तर शेजारची लस गोठते, आणि काही लसी एकदा गोठल्या की त्या टोचून पोराला नुसतं रडवता येतं. म्हणून पॅक आधी टेबलावर मांडायचे, त्यांच्यावर पाण्याचे थेंब उभे राहू द्यायचे, मग एकेक कानाशी धरून हलवायचा. आत पाणी डुचमळलं की पेटी भरायची. याला आमच्या आरोग्य केंद्रात पॅकला घाम फुटणं म्हणत. मीना सिस्टरला घनसावंगीची जीप गाठायची असायची, त्या दारातून घड्याळ दाखवायच्या, आणि तातेराव पॅक कानाला लावून उभे. ऐकायचे, मान हलवायचे, पॅक परत टेबलावर ठेवायचे. मी तिथला फार्मसिस्ट. पेटीवरची सही माझी, घाई मलाही असायची, आणि स्वभाव म्हणाल तर माझ्या तोंडाला लागायला डॉक्टरसुद्धा कचरायचे. पण तातेरावांना या बाबतीत मी कधी टोकलं नाही, कारण ते बरोबर होते आणि आम्ही बाकीचे फक्त घाईत होतो.

सरकारी कागदावर त्यांच्या कामाला लांबलचक नाव होतं. गावं त्यांना पेटीवाले म्हणायची. आधी सायकल, मग मोटरसायकल. सकाळी आरोग्य केंद्रातून लसीची निळी पेटी उपकेंद्रावर पोचवायची, चारनंतर उरलेली लस घेऊन परत यायचं, मधली दुपार मोकळी. एका मे महिन्यात गोदाकाठच्या एका गावाला जाताना उसाच्या रस्त्यावर गाडीची चेन तुटली. जवळपास झाड नाही. तातेरावांनी अंगातला शर्ट काढला, पाटाच्या पाण्यात भिजवला, पेटीवर गुंडाळला आणि पेटी डोक्यावर घेऊन बनियनवर दीड तास चालत गेले. उपकेंद्रात पोचले तेव्हा खांदे भाजून लाल झाले होते. लस बरोबर होती. पुढं वर्षभर मी त्यांना छेडत होतो, की तातेराव, सरकारनं तुमच्यासाठी पण एक पेटी काढायला पाहिजे.

त्यांची एकच मुलगी, पायल. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती बापाबरोबर गाडीच्या टाकीवर बसून उपकेंद्रं फिरायची. गाडी थांबली की तातेराव आधी पेटी सावलीत ठेवणार, मग पोरीला उतरवणार. नऊ वर्षांची असताना ती याची तक्रार घेऊन माझ्याकडं आली. मी म्हणालो, लस गरम झाली की मरते, तू मरत नाहीस. तिनं विचारलं, मग न मरणारी लस का बनवत नाहीत? माझ्यापुढं महिन्याचा साठा मोजायचा पडला होता. मी म्हणालो, तू बनव. तिला तिथून घालवायला म्हणालो होतो. काही पोरांना आपल्याला घालवलं जातंय हे कळतच नाही.

जिल्हा परिषदेची शाळा, मग संभाजीनगरला फार्मसी, मग पुणे, आणि तिथून शिष्यवृत्तीवर थेट जर्मनी. तिथं ती जे काम करते ते मी तातेरावांना समजावलं, ते असं. चरबीचे गोळे असतात, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजार मावतील. त्यांच्या पोटात औषध भरायचं. गोळा शरीरात जातो, पाहिजे त्या जागी उघडतो, औषध तिथंच उतरतं. चांगली युक्ती आहे, पण गोळा नाजूक. गोठला की फुटतो, तापला की वितळून एकमेकांना चिकटतो. पायलचं काम एवढंच, की जिथं फ्रीज नाही, वीज नाही, रस्ता नाही, बर्फ तरी आहे किंवा भट्टीसारखं ऊन तरी आहे, तिथंही हा गोळा शाबूत राहावा. त्यासाठी ती गोळे साखरेबरोबर वाळवून त्यांची पूड करते. तातेरावांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी पेटीच लागणार न्हाई." म्हटलं, हो, तुमची पोरगी तुमच्याच पोटावर पाय आणतेय. ते इतके खूष झाले की चहा पाजला.

तिला जाऊन साडेतीन वर्षं झाली होती. या काळात ती एकदाही आली नव्हती. दोनदा तिकीट ठरलं, एकदा प्रयोग मध्येच सोडता येईना, एकदा तिथल्या राहण्याच्या परवान्याचे कागद अडकले आणि ते हातात पडल्याशिवाय देश सोडता येईना. रविवारी साडेअकराला फोन यायचा, तिकडं तेव्हा सकाळचे सात-आठ. फोनवर तातेराव हवामान बोलायचे. तिच्या गावचं तापमान त्यांच्या मोबाइलवर कायम उघडं असायचं. औषधांच्या खोलीत येऊन मला सांगायचे, आज तिकडं उणे चार हाय, आज पाऊस हाय. पोरीची आठवण येते असं काही हा माणूस बोलायचा नाही. पण उपकेंद्रावरून पेटी घेऊन येताना ते स्टँडवर थांबायचे. अंबडहून येणाऱ्या गाडीतून कॉलेजच्या दिवसांत पायल शनिवारी उतरायची. गाडी यायची, माणसं उतरायची, कंडक्टर दार ओढायचा, मग तातेराव किक मारायचे. मला हे दिसलं तेव्हा मी विचारलं, कुणाची वाट पाहताय? म्हणाले, कुणाची न्हाई, गाडीचं इंजिन गार करून राह्यलो. त्यांना पोरगी हवी होती, दुसरं काही नको होतं, आणि ते सांगायची त्यांना लाज वाटत होती.

मग दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये ती गोष्ट निघाली. पायलच्या प्रयोगशाळेला तिची पूड खऱ्या जागी तपासायची होती. थंडीसाठी लडाख ठरलं होतं. उन्हासाठी साहेबलोक राजस्थान म्हणत होते. पायल म्हणाली, आमच्या घराचं छत आहे. पुण्याच्या एका संस्थेतून साठ बाटल्या येणार, आत औषध नाही, नुसता रंग. गोळा फुटला तर रंग बाहेर येतो, यंत्राला तो दिसतो. बाटल्यांबरोबर बटणाएवढं एक यंत्र, दर पंधरा मिनिटांनी तापमान लिहून ठेवणारं. सगळं पत्र्याच्या पेटीत घालून मे महिनाभर छतावर उघड्या उन्हात ठेवायचं आणि हात लावायचा नाही. बाटल्या टिकल्या, तर पुढच्या उन्हाळ्यात मोठी चाचणी इथंच, जालना जिल्ह्यात, आणि ती करायला पायल स्वतः येणार, मार्च ते जून. नाही टिकल्या, तर पूड नव्यानं करायची, इथलं काम संपलं.

तातेरावांनी यातले 'चार महिने' एवढेच दोन शब्द ऐकले. त्यांच्या घरच्या, बेबीनंदा वहिनी, अंगणवाडीत मदतनीस आहेत, त्यांनी त्याच आठवड्यात पोरांना सांगून टाकलं की आमची पायलताई येणार.

एक मेला मी आणि तातेरावांनी शिडीवरून पेटी वर चढवली. स्लॅबच्या मधोमध, जिथं कडुनिंबाची सावली दिवसभरात कधीच पोचत नाही, तिथं ठेवली. त्यांनी पेटी ठेवली आणि हात काढला नाही. मीच म्हणालो, तातेराव, चला खाली.

चौथ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडं गेलो, पेपर परत करायला. त्या दिवशी त्रेचाळीस होतं. शिडी लागलेली होती. वर गेलो तर पेटीवर बाज उभी केलेली, बाजेवर ओलं गोणपाट, आणि तातेराव तांब्यानं त्यावर पाणी शिंपडतायत. मी पाहिलं, त्यांनी मला पाहिलं.

"साहेब," ते म्हणाले, "पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. आत तिचं हाय."

मी काय सांगायला हवं होतं ते मला पक्कं माहीत होतं. उन्हात पेटी विसरली म्हणून मी एका सिस्टरला मेमो दिलेला माणूस. नियम म्हटला की मी बापाचं ऐकत नाही. पण मी ती पोरगी माझ्या टेबलाखाली बसून गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांची घरं करताना पाहिली होती, आणि माझं घर निवृत्तीनंतर फार शांत झालं होतं. चार महिने मलाही हवे होते. मी पेपर कठड्यावर ठेवला आणि खाली आलो. मग कळलं, ते रोज बाराला झाकत आणि चारला, लसीची पेटी आणायला निघताना, काढत. सकाळचं ऊन खाऊ देत होते, त्यामुळं आपण लबाडी करतोय असं त्यांना वाटतच नव्हतं. सव्वीस वर्षं जे हात करत होते तेच हातांनी केलं. माझं मात्र तसं नाही. मला कळत होतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पायलचा फोन आला. पुण्याहून निकाल आला होता, साठातली एकही बाटली फुटली नव्हती. तातेरावांनी मला फोन करून ते तीनदा सांगितलं. वहिनींनी आतली खोली रंगवून घेतली, मच्छरदाणी आणली, पावसाला सुरुवात झाली असताना कुरडयांचा घाट घातला आणि त्या वाळल्या नाहीत म्हणून पावसाला शिव्या दिल्या. तातेरावांनी स्टँडवरच्या चहावाल्याला सांगितलं. अंबडच्या गाडीच्या कंडक्टरलाही सांगितलं, त्याचा काय संबंध देव जाणे.

पुढच्या रविवारी पायलनं मला मुद्दाम बोलावून घ्यायला सांगितलं. आम्ही तिघं फोनभोवती बसलो. तिनं त्या बटणातल्या तापमानाचा आलेख पाठवला होता. सकाळी रेघ चढायची, साडेअकराला पन्नाशी गाठायची, आणि बाराला एकदम खाली. चारपर्यंत एकोणतीस. रोज. तीस दिवस.

"पप्पा," ती म्हणाली, "मे महिन्यात आपल्याकडं दुपारी एकोणतीस कधीपासून असतं?"

वहिनी माझ्याकडं बघायला लागल्या. शेवटी तातेराव म्हणाले, "मी झाकत व्हतो. तुझ्या मालाला ऊन लागून राह्यलं व्हतं, मला बघवलं न्हाई."

मी सांगितलं की मीही पाहिलं होतं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, "पप्पा, गोठलेली लस तुम्ही कुणाच्या पोराला दिली असती का?"

"न्हाई."

"मंग मी हे कसं देऊ?"

एवढंच. तिनं निकाल रद्द करून घेतला. तिथल्या प्रोफेसरला खरं ते लिहिलं, की माझ्या वडिलांनी झाकलं. प्रयोगशाळा आठवडाभर हसत होती म्हणे, आणि एकानं तर गोणपाट किती जाडीचं होतं ते विचारलं. पण मोठी चाचणी गेली. फार विनवण्या करून तिनं एक उन्हाळा मागून घेतला. छत तेच, अट तीच, बाटल्या नव्या. या वेळी जे होईल ते शेवटचं.

ते सगळं वर्ष तातेराव गोठलेल्या लसीचा विचार करत होते. मला माहीत आहे, कारण निवृत्तीनंतरही मी सकाळी केंद्रात डोकवायचो, आणि पॅक कानाला लावता लावता ते मध्येच थांबायचे. एकदा म्हणाले, साहेब, मी सव्वीस वर्षांत एक बी खराब लस पोचवली न्हाई, आन् पहिली पोचवली ती पोरीला. मी म्हणालो, सोडा आता. ते सोडणाऱ्यातले नव्हते.

गेल्या वर्षी एक मेला आम्ही पुन्हा पेटी वर चढवली. खाली उतरल्यावर तातेरावांनी शिडी भिंतीला लावून ठेवली. पहिले काही दिवस दुपारी ते निंबाखाली बसायचे आणि छताकडं बघायचे. तिथून पेटी दिसत नाही, नुसता कठडा दिसतो, तरी बघायचे. एका दुपारी चव्वेचाळीसच्या वर गेलं. ते शिडीच्या तीन पायऱ्या चढले, थांबले आणि उतरले. ते मी पाहिलेलं नाही, त्यांनीच सांगितलं, कारण त्याच दुपारी दोन वाजता ते डोक्यावर शिडी घेऊन माझ्या दारात आले होते. घामानं नखशिखांत भिजलेले.

"हे तुमच्याकडं राहू द्या," म्हणाले. "एकतीस तारखेला नेतो."

मी शिडी अंगणात आडवी करून ठेवली. त्यावरून त्यांच्या घरी मोठं भांडण झालं. वहिनींचं म्हणणं सरळ होतं. पोरगी यायची तर बाटल्या जगल्या पाहिजेत. जरा पाणी शिंपडलं तर कुणाच्या बापाचं काय जातं, आणि ते बटण तेवढं बाहेर काढून उन्हात ठेवलं की झालं. ही शक्कल माझ्या डोक्यात आली नव्हती, हे मी कबूल करतो. तातेराव म्हणाले, तसं करायचं न्हाई. वहिनी म्हणाल्या, तुम्हाला पोरीपेक्षा पेटी मोठी. दोन दिवस त्यांनी नवऱ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्या माझ्याकडं आल्या आणि शिडीकडं बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता मागणार, आणि मागितली तर आपण देणार. पण त्यांनी पाणी मागितलं, प्यायल्या आणि अंगणवाडीत गेल्या.

महिना गेला. बाटल्या पुण्याला गेल्या. जूनच्या मध्याला रविवारी फोन आला तेव्हा मी तिथंच होतो.

निम्म्याहून जास्त बाटल्या फुटल्या होत्या. पायल सावकाश, एकेक शब्द मोजून सांगत होती, म्हणजे तिनं आधी घोकून ठेवलं असावं. नुसत्या तापण्यानं फुटल्या नव्हत्या. प्रयोगशाळेच्या भट्टीत तिनं तीच पूड महिनाभर तापवली होती आणि तिला काही झालं नव्हतं. पण भट्टी एकसारखी तापते. आपल्या छतावरचा पत्रा दुपारी साठीला टेकतो आणि पहाटे सव्वीसवर येतो. रोज तापायचं, रोज निवायचं. त्या तीस वेळच्या खालीवरनं साखरेच्या कवचाला तडे गेले. हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं, कुणाला माहीतच नव्हतं. औषध भरून ते असंच कुठल्या तरी उपकेंद्रावर गेलं असतं तर सिस्टरनं विश्वासानं टोचलं असतं, आणि आत काही उरलं नसतं.

"पप्पा," ती म्हणाली, "तुम्ही न झाकल्यामुळं कळलं."

तातेरावांनी विचारलं, "मंग आता?"

आता पूड नव्यानं करायची. चरबी बदलायची, साखर बदलायची. दोन वर्षं, कदाचित जास्त. तिचा तिकडचा करार त्यासाठी वाढवला होता. मधे यायला जमेल का, हे ती सांगू शकत नव्हती. इथली मोठी चाचणी नाही.

"बराबर," तातेराव म्हणाले. "घाई करू नको. जेवती का येळेवर?" तिनं काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. त्यांनी फोन वहिनींच्या हातात दिला. वहिनी फोन घेऊन आतल्या, त्या रंगवलेल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

आम्ही दोघं बाहेर ओट्यावर येऊन बसलो. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, की तातेराव, पोरगी मोठं काम करतेय, हे शोधून काढणं सोपं नाही, तिकडं लोक यावर लिहितील. ते ऐकत होते की नाही, कळत नव्हतं. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्याची धूळ बसेपर्यंत ते थांबले.

"साहेब, एक विचारू का?" ते म्हणाले. "खरं सांगा. झाकायला पाहिजे व्हतं का?"

मी म्हणालो, नाही. तीस वर्षं औषधं दिलेला माणूस म्हणून मी खरंच बोललो होतो.

"मला बी तसंच वाटतं," तातेराव म्हणाले. "पण ती यायला पाहिजे व्हती, साहेब."